आण्णांच्या मनगटावरचा डाग

आमच्या आण्णांच्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा एक डाग आहे. आण्णा सोफ्याच्या गाद्या शिवतात. आजोबा कापसाच्या भरीत. आण्णांच्या हातात फोम आला.

२०२२ साली शेजारच्या वेल्डिंगची ठिणगी आमच्या कातरणांच्या ढिगात पडली. कापूस धुमसत राहतो, माणसाला सावध व्हायला वेळ देतो. फोम देत नाही. तो वितळतो, थेंब थेंब गळतो आणि ते थेंबच खाली पेटत राहतात. त्यातला एक आण्णांच्या मनगटावर पडला. बादल्यांनी आग विझली. मी तेव्हा अकरावीत होतो आणि रात्री त्याच गठ्ठ्यांवर पडून वाचत असे. त्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू असतो, हे फार पुढे कळले.

कला शाखेच्या मुलाने असले कशाला वाचावे, असे मित्र म्हणतात. पण तो डाग रोज जेवताना समोर येतो.

पूर्वी फोम लवकर पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनची रसायने मिसळत. ती घरातल्या धुळीत उतरली, आईच्या दुधातही सापडली. २००९ साली स्टॉकहोम करारात त्यांतील काही बंदीच्या यादीत गेली. मग लेपाची वाट. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जेमी ग्रनलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोम आळीपाळीने दोन पाण्यांत बुडवला: एकात कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान, दुसऱ्यात माती. साधी माती नव्हे. तिच्या पापुद्र्याची जाडी सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एकावर धन भार, दुसरीवर ऋण, म्हणून थर आपोआप चिकटतात. अशा दहा जोड्यांची जाडी अवघी ३० नॅनोमीटर. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात फोम गळायचा थांबला आणि आगीचा सर्वांत मोठा भडका जास्तीत जास्त ५२ टक्क्यांनी उतरला.

गळायचा थांबला, हे वाक्य मी दोनदा वाचले.

रात्री आण्णांना सगळे सांगितले. कोळंबीचे ऐकून ते हसले. मग बोटांवर हिशेब करीत म्हणाले, "दहा जोड्या म्हंजे वीस येळा बुडवायचं, पिळायचं, वाळवायचं. मग गादी शिवायची कधी रं?"

मी गप्प बसलो. ग्रंथालयातल्या कुठल्याही पानापेक्षा तो प्रश्न अवघड होता.

सकाळी दुकानात गेलो तर कातरणांचा ढीग वेल्डिंगच्या भिंतीपासून पार दुसऱ्या कोपऱ्यात हलला होता आणि दारात वाळूने भरलेली बादली होती.

"मातीच लागती न्हवं?" आण्णा म्हणाले, आणि सुईत दोरा ओवू लागले.