आधी दुखणं थांबवा

"डॉक्टर, त्यांना काही सांगू नका हं." पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, ओपीडीत नातेवाईक बहुतेकदा हेच म्हणत आत येतात. पेशंट बाहेर बाकावर असतो आणि त्याला पुष्कळसं कळलेलंही असतं. बायको खचेल म्हणून तो गप्प, तो खचेल म्हणून ती गप्प. उरलेले महिने दोघं एकाच घरात एकेकटी काढतात. मला आजारापेक्षाही याचं वाईट वाटतं.

आजार बरा होणार नाही हे माहीत असूनही माणूस आशेनं जगतो, हे मी पेशंटांकडूनच शिकले. पण त्याआधी वेदना थांबावी लागते. कॅन्सर हाडांत पसरून रात्रभर ठणकत असेल, तर आयुष्याचा विचार कोण करणार? हेच ओळखून ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, सुरू केलं. शरीर, मन, पैसा, नाती, श्रद्धा या सगळ्यांचं दुखणं एकात एक गुंतलेलं असतं, हे त्यांनी आम्हा डॉक्टरांना दाखवलं. आपल्याकडे असंच हॉस्पिस, मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये उभं राहिलं.

अशा शारीरिक वेदनेवर तोंडावाटे घ्यायचं मॉर्फिन स्वस्त आहे. दुखायची वाट न बघता, साधारण दर चार तासांनी, घड्याळ लावून घ्यायचं. सोबत पोट साफ राहायचं औषध. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलं तर व्यसनाची भीती फार कमी. तरी १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जाचात ते दुर्मीळ झालं. २०१४ला हा जाच कमी करायला कायद्यात दुरुस्ती झाली. पण तालुक्याच्या गावी आजही ते सहज मिळत नाही. हे मला अक्षम्य वाटतं.

एका आजींच्या मणक्यात गाठी होत्या. मॉर्फिन लागू पडलं, त्या रात्रभर झोपल्या आणि सकाळी म्हणाल्या, "थोरल्याला बोलवा." बांधावरून दोन्ही मुलांचं बोलणं बंद होतं. आणखी किती दिवस, हे आजींनी मला कधी विचारलं नाही. दोघांना एका पंगतीत जेवताना बघायचं होतं, आणि ते त्यांनी बघितलं. कुणाला नातीचं बारसं हवं असतं, कुणाला शेजाऱ्याचे उसने पैसे फेडायचे असतात. अशा इच्छा ऐकून घेणं हाही उपचारच आहे.

"आता काही करण्यासारखं नाही" असं सांगून पेशंटला घरी धाडतात, तेव्हा खरं तर करण्यासारखं पुष्कळ असतं. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांचा अभ्यास झाला; तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचं जगणं सुसह्य झालं, शेवटी आक्रमक उपचार कमी झाले आणि तरी ते सरासरी अडीचेक महिने जास्त जगले.

म्हणून माझी विनंती आहे. घरात असं निदान झालं तर शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, पहिल्याच भेटीत पॅलिएटिव्ह केअरबद्दल विचारा. आणि पेशंटच्या शेजारी बसून त्यालाही विचारा, तुला काय हवंय?