शिखर कुणाचं?

जुलैत कांजूरमार्गला उतरून शेअर रिक्षाने पवई गाठायची आणि आयआयटीतल्या प्रयोगशाळेत शिरल्याबरोबर आर्द्रता बघायची. पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या आपल्या पावसाळ्यात धुरकटतात. म्हणून आमच्या सेलला कॅल्शियम फ्लोराइडच्या होत्या. डिटेक्टरमध्ये द्रवरूप नायट्रोजन ओतून पहिला अवरक्त वर्णपट घेतला, की त्यात धातूच्या आधी हवाच दिसे: बाष्पाच्या बारीक रेघांचं रान आणि २३५० तरंगांकाजवळ कार्बन डायऑक्साइड. त्यातला काही आमच्याच श्वासातला! सुक्या नायट्रोजनने पर्ज करत बसणं हाच निम्मा प्रयोग.

मग अॅल्युमिनावर पसरलेल्या प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड सोडायचा. मोकळ्या वायूची २१४३ च्या दोन्ही अंगांना दोन उंचवटे असलेली पट्टी उमटते. वायू उपसून टाकला की ते उंचवटे जातात आणि २०७० च्या आसपास एक टोकदार शिखर उरतं. हे चिकटलेले रेणू. धातूचे इलेक्ट्रॉन त्यांच्यात सरकल्याने बंध थोडा सैल होतो, म्हणून शिखर खाली येतं. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी जेवायचं विसरले.

ऑक्सिजन मिसळून तापवलं, तरी बराच वेळ काही घडत नाही. सगळ्या जागा कार्बन मोनॉक्साइडने अडवलेल्या. ऑक्सिजनला फुटायला जागाच नाही. मग एका तापमानाला शिखर कोसळतं आणि कार्बन डायऑक्साइडचं उसळतं. थंड गाडीचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुरुवातीला जवळपास निकामी असतं, ते यामुळेच.

पण ठळक शिखर म्हणजे काम करणारा रेणू, असं नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले एन. एम. गुप्ता आणि सहकाऱ्यांचा, लोझानच्या ग्रेट्झेल यांच्यासोबतचा १९९४ मधला निबंध मी याच काळात वाचला. टायटेनियावरच्या रुथेनियमवर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनचं काय होतं, ते त्यांनी अवरक्त वर्णपटातून पाहिलं होतं. मला त्यातून प्रश्न विचारायची रीत मिळाली: हे शिखर नेमकं कुणाचं, आणि ते अभिक्रियेत आहे की नुसतं बसलंय?

आम्ही मग जड कार्बन-१३ चा महागडा कार्बन मोनॉक्साइड आणला. प्लॅटिनमवरचं शिखर लगेच सुमारे ४७ तरंगांक खाली सरकलं. १५०० ते १६५० मधल्या, अॅल्युमिनावरच्या पट्ट्या मात्र जड कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू लागल्यावरही होत्या तिथेच होत्या. म्हणजे त्या नुसत्याच बसलेल्या. त्या मी प्रबंधातल्या यंत्रणेच्या आकृतीतून काढून टाकल्या.