एका दाताचा फरक

इंजिनातून खुळखुळ्यासारखा आवाज येई, तो मी वयोमानावर घातला. (गाडीच्या, माझ्या नव्हे.) निघाला टेन्शनर गेलेला! टायमिंग चेन सैल पडून एक दात सरकलेली.

"नशीब साहेब, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला नाही," मेकॅनिक म्हणाला.

नवी चेन, नवा टेन्शनर आला. फ्लायव्हीलची 'टी' खूण खाचेसमोर, कॅमच्या स्प्रॉकेटच्या खुणा हेडच्या कडेला समांतर. मग त्याने क्रँक हाताने दोनदा फिरवला, म्हणजे कॅमचा एक फेरा. खुणा पाहिल्या आणि सगळं पुन्हा सोडलं.

"टेन्शनरने चेन ताणल्यावर एका दाताचा फरक येतोय."

"एवढा चालेल हो!"

"तुमच्या बँकेत रुपयाचा फरक चालतो?"

दहा पैशांसाठी रात्री नऊपर्यंत लेजरं उपसलेला मी मुकाट्याने टॉर्च धरून उभा राहिलो.