उन्हाळ्यात अडखळणारी राजी

मुलगा शिकायला नागपूरला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर नाचणगावच्या घरी राहिला. जाताना त्याने त्यावर मला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम लावून दिला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने तो २०२० मध्ये आणला. राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन लढते. आयुष्यात पहिल्यांदाच गेम खेळत होते, पण त्यातले रंग आणि महाल पाहून मन रमलं. हिवाळाभर राजी छान पळाली. एप्रिल लागला तशी ती अडखळू लागली. सुरुवातीला सगळं ठीक असायचं, मग पंधरा-वीस मिनिटांनी उडीचं बटण दाबलं तरी उडी उशिरा पडायची आणि राजी दरीत कोसळायची. माझीच बोटं मंद असतील असं मी धरून चालले होते.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, “आई, एफपीएस किती दाखवून राहिला?” एफपीएस म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, हे त्याने समजावलं. गेम ज्यातून चालू होतो त्या स्टीम या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ‘इन गेम’ या भागात हा आकडा कोपऱ्यात दाखवायची सोय आहे, ती सुरू केली. खेळ सुरू होताना आकडा ६०, थोड्या वेळाने २८. सिनेमा तर सेकंदाला २४ चित्रांवरच चालतो, मग २८ कमी कसे? उत्तर मिळालं ते असं : सिनेमात आपण बटण दाबत नाही. ६० एफपीएसला पुढचं चित्र साधारण १७ मिलिसेकंदांत येतं, ३० ला ३३ लागतात. बटण दाबणं आणि उडी दिसणं यांतलं अंतर त्यामुळे वाढतं. बोटांचा यात काही संबंध नव्हता.

पहिला उपाय मला सुचला तो चित्राचा दर्जा कमी करण्याचा. रेझोल्युशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं असावं, ते १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणलं. ठिपके निम्म्याहून कमी झाले, २० लाखांवरून सव्वानऊ लाखांवर. सावल्याही कमी केल्या. महाल पुसट दिसू लागले आणि एफपीएस पुन्हा २८ वरच आला. ही मला मिळालेली पहिली खरी खूण होती, पण तिचा अर्थ मुलाने सांगितला. ठिपके रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्डाचं. ते काम निम्म्यावर आणूनही वेग वाढत नसेल, तर कार्ड दमलेलं नाही. अडचण दुसरीकडे आहे.

दरम्यान एका दुकानात विचारलं. “नवीन ग्राफिक्स कार्ड टाका,” असं उत्तर मिळालं. किंमत ऐकून मी घरी आले आणि ठरवलं की आधी कारण कळू दे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ हा भाग आहे; प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि कार्ड किती कामात आहेत ते तिथे दिसतं. कार्ड अर्धं रिकामं होतं, मेमरीही भरलेली नव्हती. मात्र प्रोसेसरचा वेग, जो सुरुवातीला ४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास होता, तो २ च्याही खाली आला होता. कॉम्प्युटरचा मेंदूच हळू चालत होता, आणि तो हळू का चालतो हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

“तापमान पाहिलंस का?” मुलाने विचारलं. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम त्याने उतरवायला सांगितला. आकड्यांच्या एवढ्या ओळी उघडल्या की कुठे पाहावं कळेना. त्यात गेममधून बाहेर येऊन आकडा पाहीपर्यंत प्रोसेसर निवायचा, त्यामुळे सगळं ठीकच दिसायचं. मग त्याने ‘मॅक्सिमम’ हा रकाना दाखवला. प्रोग्रॅम चालू असेपर्यंतचा सर्वांत मोठा आकडा त्यात राहतो. तिथे १०० अंश लिहिलं होतं, आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’ या ओळीपुढे ‘येस’.

थर्मल थ्रॉटलिंग म्हणजे तापल्यामुळे स्वतःहून वेग कमी करणं. आमच्या घरातला प्रोसेसर इंटेलचा आय-थ्री १०१००एफ; त्याची कमाल मर्यादा १०० अंश. तिथवर पोहोचला की जळू नये म्हणून तो आपला वेग उतरवतो. वैशाखातल्या दुपारी बैलांना वखरावरून सोडून सावलीत बांधतात, तसंच हे आहे. हा बिघाड नसून मुद्दाम ठेवलेली सोय आहे, हे कळल्यावर माझी भीती गेली.

मग एक गोष्ट आपणहून करून पाहिली. तोच गेम, तोच टप्पा, पण पहाटे. एफपीएस खूप उशिरा घसरला. प्रोसेसरचा पंखा खोलीतलीच हवा त्याच्यावरून फिरवतो. तेवढंच काम आणि तेवढाच वारा असेल, तर प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच जास्त तापतो. खोली २५ अंशांची असताना तो ७५ वर राहत असेल, तर ४० अंशांच्या खोलीत ९० च्या घरात जातो. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. थंड देशातल्या माणसाने “माझ्याकडे हाच कॉम्प्युटर मस्त चालतो” म्हटलं, तर त्याचंही खरं आहे आणि आपलंही.

पण नुसत्या उन्हाने १०० गाठायला नको होतं. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद खणात होता. तो आधी बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवला. एवढ्यानेच आकडा काही अंश उतरला, तेही एक पैसा न खर्चता.

नंतर कॉम्प्युटरचा डबा उघडायचं धाडस केलं. मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. आधी बंद करून प्लग काढला, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ दिली, आणि हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श केला, म्हणजे अंगातली स्थिर वीज नाजूक भागांत जात नाही. आमच्याकडे वेचणीनंतर कापूस भाव येईपर्यंत घरातच असतो. त्याचे बारीक तंतू आणि धूळ मिळून प्रोसेसरवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांत नमद्यासारखा थर बसला होता. हवेला वाटच नव्हती. पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने सगळं साफ केलं. पंखा वाऱ्याने वेगात फिरू द्यायचा नाही, त्याचं नुकसान होऊ शकतं, हेही तेव्हाच कळलं.

पंखा उचलला तर खालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. प्रोसेसर आणि वरचा धातू सपाट दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी असतात. फटीत हवा राहिली तर उष्णता अडते, म्हणून ही पेस्ट. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि वाटाण्यापेक्षा लहान ठिपका नवीन लावला. पंख्याला चार खुंट्या असतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दाबायच्या, प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज यायला हवा. चौथीचा आवाज येता येईना. ती नीट बसेपर्यंत मुलाने मला फोन ठेवू दिला नाही.

त्या दुपारी खोलीत ऊन भरलेलं असताना राजी पुन्हा सुरू केली. चित्राचा दर्जा पूर्वीसारखा वर नेला. एफपीएस ६० वर टिकला आणि ‘मॅक्सिमम’च्या रकान्यात ८१ च्या पुढे आकडा गेला नाही. ६० च्या वर तो का जात नाही, हेही विचारलं. आमचा मॉनिटरच सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा आहे आणि गेम त्याच्याशी जुळवून चालतोय. ती बांधलेली मर्यादा आहे, दोष नाही.

विदर्भात राहणाऱ्या आणि घरात कॉम्प्युटर असणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. वेग सुरुवातीपासूनच कमी असेल, तर गेम यंत्राला झेपत नसेल. चित्राचा दर्जा उतरवा. मधूनच एखादा झटका येत असेल, तर मेमरी आणि डिस्क तपासा. आणि सुरुवातीला उत्तम चालून मग घसरत असेल, तर आधी तापमान मोजा. पाण्याच्या कूलरचा ओला झोत थेट डब्यावर सोडू नका, आतल्या भागांना ओल चालत नाही. कापूस घरातून गेला की आणि उन्हाळा लागण्याआधी, वर्षातून एकदा तरी डबा साफ करा. नवीन कार्डाचे पैसे मोजण्यापूर्वी हे करा. ब्रश आणि पेस्टची एक नळी एवढ्यावर काम भागू शकतं.