किल्ल्याबाहेरची सनावळी

उदगीर म्हटलं की पुस्तकं १७६० ची लढाई सांगतात. पेशवे जिंकले, निजाम हरला. आमच्या बापजाद्यांच्या पाठीवरचं ओझं मात्र तेवढंच राहिलं.

डाळमिलमध्ये पोती उचलताना मी आपली सनावळी म्हणतो. १९५०: बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. गावकुसाबाहेरची पोरं वर्गात बसली. १९७८: विद्यापीठाला त्यांचं नाव द्यायचा ठराव झाला अन् मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना जिवे मारलं. १९९४: नाव लागलं.

बाबासाहेबांचं या मातीशी नातं असं वहीनं जुळलं, रक्तानं टिकलं. किल्ला बघा, पण आधी वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, अठ्ठ्याहत्तरच्या रात्री कुठं काढल्या? सांगतील ते लिहून घ्या. ती माणसं चालली.