माळ्यावरच्या त्रेसष्ट गाड्या

बडोद्याचे वाडे, दांडिया बाजारातले गणपती, श्रीखंड आणि उंधियो एकाच ताटात वाढणारी आपली घरं, यावर इथे पुष्कळ लिहून झालंय. मी आज खेळण्यातल्या मोटारींवर लिहिणार आहे. हसू नका. वय पंचाहत्तर, शिक्षण बी.कॉम., अडतीस वर्षं बँकेत नोकरी, आणि घरी काचेच्या कपाटात दीडशेच्या वर छोट्या मोटारी. आमच्या सौ. त्या कपाटाला ‘तुमचं गॅरेज’ म्हणतात.

हा नाद मला लागला तो माझ्या शाळूसोबत्यामुळे. त्याचा मामा बोटीवर नोकरीला होता. वर्षा-दीड वर्षानं मामा आला की त्याच्या ट्रंकेतून दोन-तीन मोटारी निघायच्या. आम्हा बाकीच्यांकडे पत्र्याच्या, किल्लीच्या गाड्या. या मात्र ओतीव धातूच्या. हातात घेतली की वजन लागायचं, तेच मोठं नवल. आम्ही त्याच्या ओटल्यावर खडूनं रस्ते आखायचो आणि तो ट्रॅफिक पोलीस व्हायचा. गाडी कोणी किती वेळ धरायची, तेही तोच ठरवायचा.

पुढे बदल्यांच्या निमित्तानं गावोगाव फिरलो. जुन्या बाजारात अशी गाडी दिसली की घ्यायची, हे ठरून गेलं. अहमदाबादला असताना साबरमतीच्या काठी एलिसब्रिजखाली भरणारी रविवारची गुजरी मी क्वचितच चुकवली.

थोडी माहिती सांगतो, कारण या गाड्या तुमच्याही माळ्यावर असू शकतात. यात तीन नावं मुख्य. पहिलं डिंकी. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं 1934 च्या सुमारास हे नाव वापरायला सुरुवात केली. खऱ्या मोटारीच्या साधारण त्रेचाळिसाव्या हिश्शाएवढी गाडी. दुसरं मॅचबॉक्स, लंडनच्या लेस्नी कंपनीचं. त्यांच्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्यांनी तिला छोटा रोडरोलर करून दिला, आणि त्यातून 1953 मध्ये ही मालिका निघाली. त्याच वर्षी राणीच्या राज्यारोहणाच्या बग्गीची त्यांची छोटी प्रतिकृती दहा लाखांवर खपली होती. तिसरं कॉर्गी, 1956 चं. त्यांच्या गाड्यांना खिडक्यांत पारदर्शक प्लास्टिकच्या काचा होत्या, आणि तीच त्यांची जाहिरात होती.

आपल्याकडेही हे काम झालं. डिंकीचे काही जुने साचे भारतात आले आणि कलकत्त्याहून ‘निकी टॉईज’ नावानं त्याच गाड्या निघू लागल्या. काहींच्या तळाशी खोडलेलं मूळ नाव अजून दिसतं. पूर्वी संग्राहक त्यांना नाकं मुरडायचे, आता शोधत फिरतात.

आता मूळ गोष्ट. तो मित्र चार वर्षांपूर्वी गेला. मागच्या वर्षी त्यांचा वाडा बिल्डरकडे द्यायचं ठरलं आणि आवरासावर सुरू झाली. एका सकाळी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, माळ्यावर ह्यांच्या मोटारींची ट्रंक निघालीय. एक माणूस सगळ्याचे मिळून उक्ते आठ हजार देतो म्हणतो. मुलगा म्हणतो, देऊन टाक. तुम्ही एकदा बघून जाल का?”

गेलो. ट्रंक उघडली तर जुन्या मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या त्रेसष्ट गाड्या. एकेक सोडवत गेलो. लंडनची लाल बस निघाली, रोडरोलर निघाला. एका मॉरिसला मित्रानं शाळेत असताना घरच्या ऑइलपेंटनं काळा-पिवळा रंग देऊन मुंबईची टॅक्सी केली होती, तीही निघाली. तळाला पुठ्ठ्याच्या खोक्यात, जशीच्या तशी, कॉर्गीची 1965 ची जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन. सिनेमातली गाडी चंदेरी, पण खेळण्यात चंदेरी रंग बिनरंगाच्या धातूसारखा दिसेल म्हणून कॉर्गीनं ती सोनेरी केली होती. एक कळ दाबली की छप्पर उघडून शेजारचा माणूस आसनासकट बाहेर उडतो. मी दाबली. साठ वर्षांनी तो माणूस उडाला आणि सतरंजीवर पडला. वहिनी एकदम हसल्या, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

खरं सांगतो मंडळी, त्या क्षणी मन डळमळलं. मी नुसतं म्हटलं असतं, “वहिनी, मी बारा हजार देतो,” तर त्यांनी आनंदानं ट्रंक माझ्या रिक्षात ठेवली असती. त्या एकट्या सोनेरी गाडीची, खोक्यासकट, किंमत त्याहून जास्त होती, आणि हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. पण तारण मालाची किंमत ठरवायची कामं मी नोकरीत कितीतरी केली होती, आणि त्याबाबत माझा एक नियम होता. ज्या मालाची किंमत आपण ठरवली, तो आपण घ्यायचा नाही. स्वस्तात नाही आणि महागातही नाही. रिटायर झालो म्हणून नियम रिटायर होत नाही.

म्हणून वही मागवली, रकाने आखले. अनुक्रमांक, कंपनी, गाडी, अवस्था, खोकं आहे का, अंदाजे किंमत. तीन दिवस दुपारी जात होतो. वहिनी चहा करून द्यायच्या आणि मुलगा मोबाईलवर फोटो काढायचा. सुरुवातीला तो घाईत होता. दुसऱ्या दिवशी विचारू लागला, “काका, ही बाबांनी कधीची ठेवली असेल?” वडिलांच्या लहानपणाबद्दल त्याला फारसं काही माहीत नव्हतं. मी ओटल्यावरच्या खडूच्या रस्त्यांची गोष्ट सांगितली. तिसऱ्या दिवशी तो ऑफिसातून रजा काढून बसला.

वही पुरी झाली तेव्हा खोक्यासकटच्या सात गाड्यांचीच किंमत त्या उक्त्या भावाच्या कितीतरी पट होती. त्या सात मुंबईच्या एका जाणत्या संग्राहकाकडे गेल्या. पैसे वहिनींच्या एकट्यांच्या नावावर मुदत ठेवीत ठेवायला लावले, नॉमिनेशनसकट. (हे सांगायची सवय जाणार नाही.) बाकीच्या छप्पन नव्या फ्लॅटमध्ये गेल्या. काळ्या-पिवळ्या टॅक्सीसमोर मी वहीत ‘पुन्हा रंगवलेली, बाजारभाव नगण्य’ असं लिहिलं होतं. वहिनींनी वाचलं आणि म्हणाल्या, “भाऊजी, ही ओळ खोडा.” मी खोडली. ती गाडी आता त्यांच्या देवघराच्या शेजारच्या फळीवर असते.

त्यानंतर घरी येऊन माझ्या दीडशे गाड्यांचीही तशीच वही केली. त्यात एक रकाना जास्त आहे, ‘पुढे कोणाकडे’. आमची मुलगी पुण्याला, नातू आठ वर्षांचा. त्याच्या नावासमोर मी बिनखोक्याच्या, रंग उडालेल्या चाळीस लिहिल्यात. त्या त्यानं जमिनीवर आपटल्या तरी चालतील. त्या त्यासाठीच केल्या होत्या.

तुमच्याकडे अशी ट्रंक असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, लोहचुंबक लावून बघा. पत्र्याची गाडी चिकटते. डायकास्ट जस्ताच्या मिश्रधातूची असते, त्यामुळे फार तर आस चिकटतो. दोन, गाडी उलटी करा, कंपनीचं आणि देशाचं नाव बहुधा तळाशी असतं. तीन, रंग देऊ नका, घासू नका, आणि फाटकं असलं तरी खोकं टाकू नका. चार, दमट जागी ठेवू नका. युद्धापूर्वीच्या काही गाड्यांच्या जस्तात शिसं मिसळलं गेलं होतं. अशा गाडीला आपोआप तडे जातात आणि ती बिस्किटासारखी चुरते. त्यावर इलाज नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, उक्ता भाव ऐकून लगेच हो म्हणू नका. आधी घरातल्या मुलांना बोलवा आणि त्यांच्यासमोर एकेक गाडी उघडा.

बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, कुठेही असा, तुमच्या लहानपणची मोटार कोणती होती आणि आता ती कुठे आहे, ते जरूर लिहा. मी एकेक वाचणार आहे.