मी सुईला भ्याले होते

भगिनींनो, जी गोष्ट आपण विहिरीवरसुद्धा कुजबुजत बोलतो, ती आज उघड लिहिते आहे. अंक घरातल्या पुरुषमाणसांपासून लपवून ठेवू नका.

गेल्या वर्षी कांदा काढणीच्या दिवसांत न्हाताना डाव्या छातीत हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून गप्प बसले. थोरल्या जाऊबाईंना तेवढे सांगितले. त्या म्हणाल्या, "सुई लावली की गाठ चवताळते. नको नादी लागू." तीन महिने गेले. शेवटी सुनेने माझा हात सारखा तिकडे जातो हे ओळखले आणि जिल्ह्याच्या गावी नेले.

सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी बायोप्सी सांगितली. म्हणजे गाठीचे बारीक तुकडे काढून तपासायचे. मी सरळ विचारले, "पसरणार नाही ना?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सुईने कॅन्सर पसरत नाही. तशीच ठेवलीत तर मात्र पसरू शकतो." रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेते का, तेही विचारले. तुम्ही घेत असाल तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

मला उताणे निजवले, डावा हात डोक्यावर घ्यायला लावला. गरोदर बाईच्या पोटाला लावतात तेच गार, बुळबुळीत मलम छातीवर लावले. पडद्यावर गाठ काळसर दिसत होती. बधिर करण्याचे इंजेक्शन मुंग्या डसल्यासारखे चुरचुरले. दुखले ते एवढेच. मग कातडीला इवलीशी चीर, तिला टाकाही लागला नाही. पडद्यावर बघत बघत सुई गाठीत नेली आणि एकदम 'खट्' असा आवाज झाला. मी केवढी दचकले! तुम्ही दचकू नये म्हणून सांगते, सुई तुकडा घेते तेव्हा असा आवाज होतोच. चार वेळा झाला. शेवईच्या तुकड्यांसारखे ते नमुने औषधाच्या बाटलीत टाकले, जागा घट्ट दाबून धरली, पट्टी लावली. अर्ध्या तासात मी बाहेर बाकावर.

काहींची गाठ हाताला लागत नाही, मॅमोग्राफीत नुसते चुन्याचे बारीक कण दिसतात. तेव्हा त्या यंत्रात छाती दाबून धरून, फोटो पाहत सुई लावतात.

दोन दिवस हंडा की वैरणीचा भारा उचलला नाही. निळा डाग आठवड्याने गेला. रक्त थांबले नाही, सूज वाढत गेली किंवा ताप आला, तर मात्र परत दाखवायचे.

रिपोर्टला आठ दिवस लागले. सुईपेक्षा ते दिवस जड गेले. सुई लावलेल्या पुष्कळ गाठी साध्या निघतात. माझी निघाली नाही. पण लहान होती, म्हणून गाठ तेवढी काढली, स्तन राहिला, मग शेक दिला. कोणते औषध लागू पडेल, तेही त्याच तुकड्यांवरून कळले.

शेकाला रोज सोबत जाऊबाईच येत. एक दिवस एस.टी.त बसल्या बसल्या हळूच म्हणाल्या, "मलाबी एकदा दाखवायचंय गं."

येत्या मंगळवारी त्यांची सोनोग्राफी आहे. या खेपेला सोबत मी जाणार.